वकीलपत्राशिवाय नाशिक

नाशिकहून परत येऊन दहा-बारा दिवस झाले तरी आमच्या ह्यांचे कान केशरीच आहेत. बेसन लावून झालं, खोबरेल लावून झालं, वीट घासायचं तेवढं राहिलं आहे. अमरावतीतले लोक आधी कान बघतात आणि मग विचारतात, "काय, नाशिकला काय पाहिलंत?" मी सांगते, रामकुंड पाहिलं, त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो, चिवडा आणलाय, घ्या. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना ट्रंक कॉल लावून आधी विचारलं आहे. विचारायची सवय आम्हाला याच प्रवासात लागली.

नाशिक रोड

स्टेशनवर वसंतभावजी आणि मधुकरराव दोघंही घ्यायला आले होते. वसंत हा ह्यांचा कॉलेजातला मित्र, होस्टेलच्या एका खोलीत राहिलेला. आता अंबडच्या एका कारखान्यात नकाशे काढतो. मधुकररावांचं नदीकाठी काष्ठौषधीचं दुकान आहे, म्हणजे मुळ्या, साली, वाळकी फुलं, आणि कशावर काय घ्यायचं याचा फुकटचा सल्ला. दोघं बरीच वर्षं एकत्र राहतात.

"मधुकर कोण?" या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात पूर्वी "वसंताचा मित्र" असं होतं. तेव्हा मी वसंतभावजींना मुली दाखवण्याचा सपाटा लावला होता. अकोल्याची झाली, यवतमाळची झाली. परतवाड्याच्या मुलीचा फोटो पुढे ठेवला तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, मला मधुकर आहे." मी फोटो उलटा करून ठेवला आणि चहाचं आधण टाकलं. आमचे हे वकील. पण त्यांनी साक्षीपुरावा काही मागितला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते दोघं एकमेकांचे आहेत, आम्ही एकमेकांचे आहोत तसेच. फक्त ते कमी भांडतात.

टांग्यानं जुन्या नाशकात आलो. पेठेतल्या एका घराच्या माडीवर त्यांच्या दोन खोल्या. खाली घरमालकीण राहतात, त्यांना सगळी पेठ काकू म्हणते. काकूंनी आमचं स्वागत "नळ सातला जातो, बादल्या भरून ठेवा" असं केलं आणि दार लावून घेतलं. काकू पाण्यावरून बोलतात, जिन्यात चपला वाजल्या तर बोलतात, गॅलरीतून कपड्याचं पाणी ठिबकलं तर बोलतात. मी मनात म्हटलं, ही बाई या दोघांना कधीतरी घराबाहेर काढणार.

माडीवर सगळं जिथल्या तिथं होतं. मधुकरराव स्वयंपाक करतात, वसंतभावजी कपड्यांना इस्त्री करतात, भांडी ज्याला जाग आधी येते तो घासतो. आमचे हे ते बघून जरा अस्वस्थ झाले, कारण ते मी बघत होते. जेवायला गोडसर वरण, काळ्या मसाल्याची वांगी आणि निफाडची द्राक्षं. आम्हा वऱ्हाडी माणसांना वरणात गूळ म्हणजे आजारी माणसाचं जेवण वाटतं. मी मागून दोनदा घेतलं.

मिसळ

दुसऱ्या दिवशी वसंतभावजी कारखान्यात गेले आणि मधुकरराव आम्हाला मिसळ खायला घेऊन गेले. आमच्याकडे सकाळी पोह्यांवर तर्री ओततात. इथं मटकीवर ओततात, वर शेव, शेजारी पापड आणि दही, आणि तर्रीचं पातेलं मधोमध टेबलावर ठेवून देतात. हे त्यांच्या मनाचं मोठेपण मानावं की आपल्या पोटाची परीक्षा, ते मला कळलं नाही.

पलीकडच्या टेबलावर पेठेतलीच तीन-चार तरुण मंडळी बसली होती. त्यातला बाळ्या म्हणून एक, चांगला मिशा फुटलेला, लग्नाच्या वयाचा. तो मधुकररावांकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "काय मधुवहिनी, आज मालक दिसत नाहीत बरोबर?" बाकीचे खिदळले. एकानं बांगड्या भरल्यासारखं मनगट हलवून दाखवलं.

मधुकररावांनी पापडाचा तुकडा मोडला आणि खाल्ला. ते ऐकलंच नाही असं वागणं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की मला त्याचाच जास्त राग आला. पण माझ्याआधी आमचे हे उठले.

"काहून हसता रे?" अशी सुरुवात झाली. ती वऱ्हाडी होती तोवर ठीक होतं. पण मग ह्यांना कोर्ट दिसायला लागलं. माणसाचं खासगी आयुष्य, सभ्य समाजाची लक्षणं, नाशिकसारख्या पुण्यक्षेत्राची परंपरा असे मुद्दे एकामागून एक निघाले. मीही गप्प बसले नाही. "तुमच्या आयांना बोलवून आणा, मी त्यांच्याशी बोलते" असं मी म्हणाले. तिसऱ्या मुद्द्याला ह्यांनी हात फिरवला आणि तर्रीचं पातेलं पांढऱ्या सदऱ्यावर आलं.

"वकीलसाहेब," बाळ्या म्हणाला, "रंगपंचमी परवा आहे."

सगळं हॉटेल हसलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की लोक बाळ्याकडे बघत नव्हते, ह्यांच्या सदऱ्याकडेही नव्हते. सगळे मधुकररावांकडे बघत होते. ज्यांना कालपर्यंत काही ठाऊक नव्हतं त्यांनाही आता सगळं नीट समजलं होतं.

हॉटेलातून तसेच निघालो. नदीच्या पुलावर मधुकरराव थांबले. आवाज चढवायची त्यांना सवय नाही.

"दिनकरराव, मी तुम्हाला वकीलपत्र दिलं नव्हतं."

ह्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पंचवीस वर्षांच्या संसारात हे मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

"तुम्ही माझ्यासाठीच बोललात, ते कळतं मला," मधुकरराव म्हणाले. "पण वहिनी, तुम्ही चार दिवसांनी अमरावतीला जाल. आम्हाला दूध इथंच आणायचं असतं. बाळ्या रोज दूध केंद्रावर माझ्या पुढं उभा असतो."

मला फार वाईट वाटलं. ते त्यांना सांगावं तर त्यांनाच माझी समजूत काढावी लागली असती, म्हणून गप्प बसले.

निफाड

तिसऱ्या दिवशी एस.टी.नं निफाडकडे गेलो. मधुकररावांच्या थोरल्या बहिणीचा तिथं द्राक्षाचा मळा आहे. मांडवाखाली वाकून चालायचं, डोक्याला घड लागतात, आणि पानांतून येणारं ऊन हिरवं दिसतं. आमच्याकडे मार्चमध्ये जमीन तापायला लागते. इथं पायाखालची माती अजून ओली होती. आमच्या ह्यांनी उंचीचा फायदा घेऊन न वाकता खायचा प्रयत्न केला आणि मांडवाच्या तारेनं त्यांचा चष्मा काढून घेतला.

अक्का साठीच्या असतील. जेवायला बसलो तेव्हा पाट फक्त एकच होता आणि तो वसंतभावजींसाठी होता. पहिलं वाढप त्यांना, तूप त्यांना आधी, आणि उठताना खांद्यावर नवा टॉवेल. जावयाला करतात ते सगळं अक्कांनी केलं, आणि जावई हा शब्द कुठं उच्चारला नाही. वसंतभावजी एवढे मोठे, कारखान्यात हाताखाली माणसं असलेले, पण तो टॉवेल घेताना लाजले.

जेवण चालू असतानाच बांधावरून शेजारचा एक गृहस्थ बैल घेऊन चालला होता. त्यानं हाळी दिली, "काय अक्का, भाऊ आलाय जणू! बायको कधी करतोय म्हनावं? का आता लयच उशीर झाला?" आणि स्वतःच हसला.

अक्कांनी डोकंसुद्धा वर केलं नाही. "तू तुझी संभाळ आधी. परवा माहेरी गेली ती अजून आली नाय ना?"

गृहस्थ बैलाला काहीतरी म्हणाला आणि निघून गेला. अक्कांनी वसंतभावजींच्या पानात आणखी एक पोळी टाकली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. एका वाक्यात निकाल लागतो हे त्यांच्या धंद्याला परवडणारं नाही, पण ते विचारात पडले होते खरे.

रंगाची कढई

संध्याकाळी परत आलो तर अप्पा जिन्याशी उभे. अप्पा हे पेठेच्या रहाडीचे प्रमुख, वागायला सज्जन, आणि सज्जन माणसासारखेच भित्रे.

रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेला दगडी हौद. वर्षभर तो फळ्या टाकून मातीनं बुजवलेला असतो आणि त्यावरून सायकली, म्हशी, वराती जातात. रंगपंचमीला तो उघडतात, रंगाच्या पाण्यानं भरतात, पूजा करतात आणि मग पुरुषमंडळी त्यात उड्या घेतात. त्या उडीला इथं धप्पा म्हणतात. आमच्याकडे रंग धुळवडीलाच उरकतो. पंचमीपर्यंत आम्ही धुऊनपुसून बसलेले असतो. या पेठेचा रंग केशरी, पळसाच्या फुलांचा, आणि तो कित्येक वर्षं मधुकरराव उकळून देतात. औषधी त्यांच्याच दुकानातल्या.

अप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "मधू, काल हॉटेलात फार गाजावाजा झाला. पोरं बिथरलीत. म्हणतात, मधू उतरला तर आम्ही नाही त्या पाण्यात उतरणार. तर यंदा असं कर, रंग तेवढा करून दे. धप्पा राहू दे."

रंग याच्या हातचा चालतो, हा चालत नाही. मी बोलायला तोंड उघडलं आणि पुलावरचं आठवून मिटलं. अप्पा गेले.

मला वाटलं, मधुकरराव आता रंग करायचंच नाकारतील. मी असते तर कढई नदीत नेऊन टाकली असती. ते अंगणात चुलाण्यापाशी बसले आणि फुलं निवडायला लागले.

"यांच्यासाठी?" मी विचारलं.

"रंग रहाडीचा आहे वहिनी. अप्पांचा नाही, बाळ्याचाही नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "तुम्हाला सांगू? वर्षातला हा एक दिवस असा असतो की रहाडीतून वर आलो की मी कुणाला ओळखू येत नाही. सगळे केशरी. कुणीही माझ्या गळ्यात हात टाकतं. बाकी वर्षभर लोक माझ्यापासून हातभर लांब उभे राहतात, माझ्या दुकानातसुद्धा. मला माफी नको कुणाची. मला धप्पा पाहिजे."

ह्यांनी विचारलं, अगदी हळू विचारलं, "आम्ही काय करू?"

मधुकररावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "एक आहे. मानकऱ्यांच्या पाठोपाठ पाहुण्याचा धप्पा असतो. पेठेत कुणाकडे बाहेरगावचा पाहुणा आला असेल तर त्याचा मान अप्पांना मोडता येत नाही. आणि पाहुण्याला खोलीचा अंदाज नसतो, म्हणून यजमानानं त्याचा हात धरून उडी घ्यायची."

"म्हणजे मी उडी मारायची?" हे म्हणाले. आमचे हे गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलेले नाहीत. रामकुंडातही त्यांनी पायरीवर बसून तांब्यानं स्नान उरकलं होतं.

"वकीलपत्र आत्ता देतो," मधुकरराव म्हणाले. "पण युक्तिवाद नको."

रहाड

चौक माणसांनी भरला होता. बायका ओट्यांवर आणि खिडक्यांत. बायकांनी उडी घ्यायची रीत तिथं नाही, त्याचं वेगळं भांडण होऊ शकतं. मी कॅमेरा घेऊन काकूंच्या ओट्यावर. काकू शेजारी बसून "हे सगळे पाय माझ्या जिन्यात येणार" एवढं एकच म्हणत होत्या. वसंतभावजींच्या कारखान्यातले गांगुर्डे म्हणून एक स्नेही सकाळीच अंबडहून सायकलनं आले होते. त्यांनाही वसंतभावजींनी आधी विचारूनच बोलावलं होतं. शांत, कमी बोलणारे, शर्टाची सगळी बटणं लावलेले.

पूजा झाली. मानकऱ्यांनी उड्या घेतल्या. पाणी गळ्यापर्यंत होतं, आणि मानकऱ्यांच्या अंगाखांद्यावरून फिरून ते आमटीसारखं दिसायला लागलं होतं, पण चव घ्यायची माझी तरी छाती झाली नसती. या पाण्याच्या शुद्धतेची चर्चा पुढे होणार होती.

अप्पांनी पुकारा केला, "पाहुण्याचा धप्पा!" हे पुढे आले. धोतर खोचलेलं, चष्मा माझ्याकडे दिलेला, तोंड फाशीला चालल्यासारखं. डाव्या हाताला वसंतभावजी, उजव्या हाताला मधुकरराव.

"थांबा!" बाळ्या कडेवरून ओरडला. "वसंतराव यजमान, ते ठीक. मधूचं काय काम? घर काय त्याच्या नावावर आहे?"

ह्यांचं तोंड उघडलं. मी कॅमेरा घट्ट धरला. ह्यांनी मधुकररावांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा त्यांनी जिंकलेल्या एकाही खटल्यात वाटला नव्हता.

माझ्या शेजारून आवाज आला. "घर माझ्या नावावर आहे रे बाळ्या!" काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. "माडीवर दोघं राहतात, दोघं माझं पाणी भरतात, गेल्या साली मी पाय मोडून पडले तेव्हा दोघांनी उचलून नेलं. तुझ्या घरून कोण आलं होतं? दोघं यजमान आहेत. आणि उड्या मारायच्या तर लवकर मारा, माझा नळ जाईल."

चौकात हशा झाला, आणि या वेळी लोक बाळ्याकडे बघत होते. तो लालबुंद झाला. "मारू दे! पण तो उतरला तर आम्ही नाही उतरणार. पाणी बाटवून ठेवायचं आणि..."

"अप्पा," गांगुर्डे म्हणाले. ते बाळ्याशी बोललेच नाहीत. आवाज रोजच्यासारखाच होता, पण चौकात सगळ्यांना ऐकू गेला. "माझ्या वडलांना याच गावात सांगितलं होतं, तुम्ही शिवलात तर पाणी बाटतं. गोदावरी अजून वाहते आहे. हे पाणी बाटतं का, ते तुम्ही सांगा. या पोराला कशाला बोलायला लावता?"

त्यांनी शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली, शर्ट घडी करून सायकलवर ठेवला आणि मधुकररावांचा मोकळा हात धरून उभे राहिले. अप्पा हो म्हणाले नाहीत. नको असंही म्हणाले नाहीत.

"एक," मधुकरराव म्हणाले, "दोन..." आणि आमचे हे तीनची वाट न बघता गेले. त्यांच्यामागे बाकीचे तिघं ओढले गेले.

आमच्या ह्यांचं वजन मी इथं लिहिणार नाही. पण रहाडीतलं निम्मं पाणी वर आलं आणि ते जिथं पडलं तिथं बाळ्या आणि त्याची मंडळी उभी होती, अंग वाचवून, नवे कपडे घालून. डोक्यापासून चपलांपर्यंत सगळे केशरी. रहाडीचा रंग आठ-आठ दिवस जात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

खाली चार डोकी वर आली. आमचे हे गांगुर्ड्यांच्या गळ्याला लटकून "बुडालो, बुडालो" म्हणत होते आणि त्यांचे पाय तळाला टेकलेले होते. मधुकरराव वसंतभावजींचा हात पाण्याबाहेर उंच धरून हसत होते. तोंड उघडून, आवाज करून हसत होते. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मी फोटो काढला, पण माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे तो जरा तिरका आला आहे.

अप्पांनी ओला तळहात डोळ्यांसमोर धरून पाहिला. "रंग यंदा छान उतरलाय, मधू," ते म्हणाले, पंचा खोचला आणि उडी घेतली. त्यांच्यामागे पेठ. बाळ्या तेवढा कडेला निथळत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मधुकररावांबरोबर दूध केंद्रावर गेले. बाळ्या रांगेत पुढंच होता, मानेपर्यंत केशरी. मधुकररावही तसेच. दूधवाल्यानं एकदा ह्याच्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "एकाच रहाडीतले दिसता."

बाळ्या काही बोलला नाही. माफी नाही, नमस्कार नाही, बाटल्या उचलून चालता झाला. मी हळहळले, पण मधुकररावांना तेवढं पुरेसं होतं. "गप्प होता," ते परत येताना म्हणाले. "बरं वाटलं."

अमरावती

परवा देशमुख वकील चिवडा खायला आले. शेजारी राहतात, ह्यांच्याबरोबर वकिली सुरू केलेले, रोज पहाटे दोघं मिळून दुधाला जातात. मी फोटो दाखवले. त्या तिरक्या फोटोवर देशमुख थांबले. पाण्यात चार केशरी डोकी, आणि त्यात मधुकरराव-वसंतभावजींचा एकमेकांत धरलेला हात.

"हे दोघं कोण हो?" देशमुख हसत म्हणाले. "असा हात धरलाय की नवरा-बायकोच! तसल्या लायनीतले आहेत की काय?" आणि बांगड्या भरल्यासारखं मनगट हलवून दाखवलं.

ते मनगट बघून मला मिसळीचं हॉटेल आठवलं. ह्यांनाही आठवलं असणार. मी भाषणाची वाट बघत होते. सभ्य समाजाची लक्षणं वगैरे.

"ते माझे यजमान आहेत," हे म्हणाले. "चिवडा खाली ठेव, देशमुख."

देशमुखांना ती थट्टा वाटली. मग ती थट्टा नाही असं दिसलं. त्यांनी बशी खाली ठेवली, थोडा वेळ कान बघितले आणि चपला घालून गेले.

काल पहाटे हे दुधाला निघाले. देशमुखांच्या फाटकापाशी थांबले, रोजच्यासारखे खाकरले. आतला दिवा लागलेला होता, पण फाटक उघडलं नाही. मी खिडकीतून बघत होते. हे तिथं बराच वेळ उभे होते, हातात रिकामी पिशवी.

मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाले.